बाजारातला एकही भाग नाही

मुलांनो, डोळे मिटा आणि मनात एक टेबल मांडा. चांगलं लांबरुंद मांडा, पण त्यावर वाटी ठेवायलाही जागा ठेवू नका. तारांची भेंडोळी, स्क्रूच्या डब्या, तारा डाग देऊन जोडायची धुरकटलेली सोल्डरगन आणि मधोमध पत्र्याच्या खोक्यात एक रेडिओ. हा नुसता ऐकायचा नाही बरं का, याच्यातून बोलताही येतं. परीक्षा देऊन परवाना मिळवला की असा सेट घरी बनवून दूरदूरच्या माणसांशी गप्पा मारता येतात. आता टेबलाशी एक आजोबा बसवा. नाक थोडं मोठं काढा आणि नाकावर राग ठेवा. झालं आपलं चित्र.

हे आजोबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करत. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला बनवता येते आणि ती इतरांपेक्षा बरी बनते, अशी त्यांची खात्री होती. जुना सेट दोन महिन्यांपूर्वी जळाला, तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं, "नवा सेट मी करणार. आणि ऐका, त्यात बाजारातला एकही भाग नसेल."

घरच्यांनी माना डोलावल्या. बाजारातला नसेल तर कुठला असेल, हे कुणी विचारलं नाही. चूक तिथेच झाली.

सेट वेळेवर होणं फार गरजेचं होतं. दर रविवारी सकाळी अकराला आजोबा एका मित्राशी रेडिओवर बोलत. हे मित्र पूर्वी तार ऑफिसात होते, म्हणून आजोबा त्यांना तारमास्तर म्हणत. एकतीस वर्षांत रविवार चुकला तो फक्त या दोन महिन्यांत. आणि आता तारमास्तर लेकीकडे राहायला निघाले होते. लेकीच्या इमारतीत गच्चीवर एरियल लावू देत नाहीत. म्हणजे हा रविवार शेवटचा. आजी म्हणाली की त्यात काय एवढं, फोन आहे की. त्यावर आजोबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चंद्राऐवजी ट्यूबलाइट बघायला सांगितलं. फोनवर काय, कुणीही बोलतं!

तर त्या रविवारी सव्वादहाला आजोबा टेबलाशी आले आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. सेटमधली एक नळी नाहीशी झाली होती.

नळी एवढीशीच, बोटाच्या पेराएवढी, रबराची. पण तिचं काम मोठं. स्टेशन बदलायचं तर आत एक दांडी फिरवावी लागते. बाहेरच्या बटणाची दांडीही धातूची. या दोन दांड्या सरळ जोडल्या तर आपला हात जवळ जाताच सेट बिथरतो आणि लागलेलं स्टेशन पळून जातं, मांजर जवळ आलं की चिमणी उडते तसं. म्हणून मध्ये रबराची नळी. ती नसली तर मागे उरतात दोन दांड्या, एकमेकींशी भांडलेल्या जावांसारख्या, जवळ असून न बोलणाऱ्या.

आजोबांनी सगळ्यांना टेबलासमोर ओळीत उभं केलं. आजी, मुलगा, सून आणि शेवटी नऊ वर्षांची नात. सापडेल ती वस्तू कंपासपेटीत साठवते म्हणून तिला सगळे खारुटली म्हणत. मग आजोबा बोलू लागले. या घरात कशालाही शिस्त उरलेली नाही, असं ते म्हणाले. माणसाने उपाशी राहावं पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, असंही म्हणाले. चार दिवसांपूर्वी शेगडीचं बटण हरवलं तेव्हाच मी बोललो होतो, वस्तू जागच्या जागी ठेवायची या घराला सवयच नाही. शेवटी त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"न विचारता दुसऱ्याची वस्तू उचलणं, याला काय म्हणतात?"

सून मात्र खाली वाकून सेटकडे बघत होती. गेले चार दिवस ती बिचारी पक्कडीने शेगडी लावत होती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "या बटणावर 'मंद' असं का लिहिलंय?"

आजोबांनी खाकरून घेतलं. शेगडीला चार बटणं असतात आणि माणूस एका वेळी चारही बर्नर लावत नाही, असा काहीसा मुद्दा त्यांनी मांडला. तेवढ्यात आजीही वाकली. बटणामागची दांडी तिच्या ओळखीची निघाली. अर्धा स्वेटर तीन आठवडे एकाच सुईवर का लटकला होता, ते तिला आज कळलं.

"अहो, आणि मी मोलकरणीला बोलले हो त्यावरून," आजी म्हणाली. सुई ओढून काढताना तिने आजोबांकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलाच्या दाढीच्या क्रीमची चार झाकणं सेटला पाय म्हणून लागली होती. चार नळकांड्यांतलं क्रीम वाळून खडू झालं होतं. तीन मिनिटांत सेटचे पाय गेले, सुई गेली, बटण शेगडीकडे परतलं. उरला तो आकड्यांची तबकडी म्हणून चिकटवलेला कोनमापक.

"तो माझा," खारुटली म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मीच शाळेत विसरले. बाईंनी मला उभं केलं होतं."

"आणि नळी?" आजोबांचा आवाज जरा बसला होता.

खारुटलीने कंपासपेटी उघडून दाखवली. रबराची नळी तिच्या पेन्सिलीवर होती, बोटं दुखू नयेत म्हणून पेन्सिलीला घालतात ती. "हीपण माझीच. मी काल परत घेतली."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? हसला असता, सॉरी म्हणाला असता. पण आपले आजोबा रागाच्या उंच घोड्यावर चढले होते आणि उतरायची शिडी कुठे दिसत नव्हती. एकतीस वर्षांची मैत्री एकीकडे आणि एक शेगडीचं बटण दुसरीकडे, या घराचा न्याय कळला, असं म्हणून ते तरातरा बाल्कनीत गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. घड्याळात दहा पस्तीस झाले होते. तिकडे तारमास्तर आत्ता खुर्ची पुढे ओढत असतील, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. आत यायचं मन होतं, पण पाय हलेनात.

अकराला तीन मिनिटं कमी असताना त्यांच्या सदऱ्याला मागून ओढ बसली.

"आजोबा, चला. दांड्या बोलायला लागल्या."

आजोबा काही न विचारता आत धावले. कोनमापक जागेवर होता. समोर मोठं गोल बटण होतं, त्याला लाल-निळी दांडी आणि मागे काळी रबरी नळी. त्यांनी बटण फिरवलं. सेट खरखरला, शिट्ट्या वाजल्या आणि दोन महिन्यांनी तारमास्तरांचा तो जुना घोगरा आवाज खोलीत आला. आजोबांचा हात तबकडीजवळच होता, तरी स्टेशन तसूभर हललं नाही.

ते चाळीस मिनिटं बोलले. गुडघ्यांवर बोलले, जुन्या साहेबावर बोलले. शेवटी आजोबांनी घसा साफ करून सांगितलं की या सेटमध्ये बाजारातला एकही भाग नाही.

"ते समजलं," तारमास्तर म्हणाले. "घरात आता कोण कोण बोलत नाही?"

मागे सून खुदकन हसली. तारमास्तरांनी पुढे सांगितलं की लेकीच्या खिडकीला लोखंडी जाळी आहे, पुढच्या रविवारपर्यंत एरियल म्हणून तिलाच तार जोडून बघतो, लेकीला विचारणार नाही. आजोबांचा चेहरा असा उजळला की आजी घाबरली. डॉक्टरांनी त्यांना रोज रक्तदाब बघायला सांगितलं होतं आणि सकाळपासूनचा तो आरडाओरडा! तिने मशीन आणलं, पट्टा त्यांच्या दंडाला बांधला आणि रबराचा फुगा दाबू लागली. दाबते, दाबते, काटा ढिम्म. आजोबांचा एवढा राग आणि मशीन म्हणतं शून्य.

पट्ट्याकडून येणारी काळी नळी मध्येच संपत होती.

आजोबांनी नळीकडे पाहिलं. मग सेटकडे. मग त्यांना बाकीचंही दिसू लागलं. ते गोल बटण म्हणजे त्यांच्या कवळीच्या डबीचं झाकण होतं. ती दांडी म्हणजे त्यांची लाल-निळी पेन्सिल, जिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

"माझ्या वस्तू?" ते कडाडले. "मला न विचारता?"

खारुटली सकाळच्याच जागी, ओळीत शेवटी उभं राहावं तशी एकटी उभी राहिली. "मीच घेतल्या. विचारणार होते, पण तुम्ही रुसला होता. परत काढू का?" असं म्हणून तिने सेटकडे हात नेला.

सेटमधून तारमास्तर विचारत होते, अहो, आहात ना? आजोबांनी झटकन तिचं मनगट धरलं. गाल मात्र फुगलेलेच.

तेव्हा खारुटलीने दुसऱ्या हाताने आजीकडचा रबराचा फुगा घेतला, त्याच्या कापलेल्या नळीचं टोक आजोबांच्या लालबुंद गालाशी नेलं आणि दाबलं.

फुस्स.