न मोजिलेल्या दौडीची हकीकत

श्रीगणेश स्मरोन, धावणाऱ्यांस दम आणि ऐकणाऱ्यांस धीर मागोन लिहिलें ऐसीजे: शके १९४५, शोभननाम संवत्सरीं, एके राज्यीं शंभर मीटरांची दौड नेमिली. राज्याचे जुने धावक खेमाजी ढगे. दोन वर्षें हरले, गुडघे कुरकुरों लागले, आणि हुजुरांतून हुकूम सुटला कीं यंदा जिंकतील तर चाकरी कायम, हरतील तर निरोपाचा विडा. मग त्यांचे वस्ताद सटवाजी कॅफीनच्या गोळ्या घेऊन आले. कॉफीच्या बियांत जी तरतरी, ती चिमटीएवढ्या गोळींत भरलेली. बोलिले, "खेमा, दौडीआधीं तासभर ही गिळ. थकवा विसरशील." खेमाजी बोलिले, "वस्ताद, मी विसरेन हो, थकवा मला विसरायचा नाही." तरी गिळली.

आणि त्या राज्याची रीत ऐसी कीं सरकार येऊन, हारतुरे होऊन, चार शब्द बोलल्याविना बंदुकीचा बार काढूं नये. सरकार उशिरां आले. मग दीप लाविला, तो वाऱ्यानें विझला, फिरोन लाविला, आणि सत्कार सुरू जाहले. ज्यांनीं मैदान झाडविलें त्यांचा, आणि ज्यांनीं झाडूं दिलें त्यांचाही. खेमाजी उन्हांत बसले आणि छातींत नगारा वाजों लागला. उशीर पाहोन वस्ताद घाबरले. "गोळी उतरली असेल रे. अजून एक घे." "वस्ताद, पहिलीच नाचतीये आत." "नाचू दे. बक्षीस धावण्याला आहे." मग सरकार "शेवटीं एवढेंच सांगतों" ऐसें तिसऱ्यांदा बोलिले, आणि खेमाजींनीं दुसरीही गिळली. शेजारच्या पट्ट्यांतील तरणा गडी हसोन बोलिला, "काका, थंडी वाजतीये का?" खेमाजी बोलिले, "तुझ्याएवढा होतो तेव्हा या भाषणांत झोप लागायची, बाबा."

मग सर्व रेषेवर ओणवे जाहले, आणि खेमाजींचीं बोटें थरथरलीं, पाय थरथरला, आणि बंदुकीच्या बाराआधीं अर्धा श्वास ते सुटले. पंचांनीं निशाण दाखविलें, मागें बोलाविलें. परंतु कानांत नगारा, कांहीं ऐकों येईना. ऐसी धाव त्यांस तरुणपणींही साधली नव्हती. गुडघा बोलला नाहीं, जमीन लागली नाहीं. फीत छातीवर घेऊन वळोन पाहतात तों मागें कोणीच नाहीं. क्षणभर वाटलें, इतके मागें टाकिले. मग सारे गडी रेषेवरच उभे दिसले, आणि वस्ताद कपाळास हात लावोन बसलेले.

बाराआधीं सुटला तो बाद, ऐसा नियम. सरकारहस्तें निरोपाचा विडा जाहला, आणि त्याप्रीत्यर्थ पुन्हा चार शब्द. खेमाजी हात जोडोन ऐकत उभे राहिले. झोंप मात्र येईना.

एवंच, त्या राज्यीं सर्वांत वेगाची दौड जाहली, ती कोणी मोजिली नाहीं. भाषण मात्र दफ्तरीं अक्षरशः नोंदलें आहे.