अकरा पावलं कमी

संध्याकाळचे सात वाजले की आमची गल्ली कडेला सरकते. भाजीवाल्या मावशी हातगाडी आत ओढतात, पवारांची आजी कुत्र्याला हाक मारते आणि कुणीतरी ओरडतं, "सरका, सरका! आण्णा सुटल्यात!" तेवढ्यात सर्जेराव आण्णांची निळी स्कूटर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी येते. काटा तिसावर. आण्णा तिथंच इंजिन बंद करतात आणि गाडी मुकाट आमच्यासमोरून जाऊ लागते. खांबापासून आण्णांचं फाटक दीडशे पावलं. ब्रेक लावायचा नाही, पाय टेकायचा नाही, आणि गाडी फाटकाशीच थांबली पाहिजे.

हा पेट्रोल वाचवण्याचा खटाटोप असेल असं मला आधी वाटलं होतं. तसं मी बोलूनही गेलो.

"सर, पेट्रोल वाचवायचं असतं तर चालत गेलो नसतो व्हय?" आण्णा म्हणाले. "गाडी पळवायला काय अक्कल लागतीया? सोडल्यावर कुठं थांबतीया, त्ये सांगा!"

हा त्यांचा आवडता प्रश्न. सगळा जन्म उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर गेला, त्यामुळे फिरणारी वस्तू दिसली की ती कधी थांबणार हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्याकडं चहाला आले की आधी पंख्याचं बटण बंद करतात आणि मान वर करून फेऱ्या मोजतात. "तेवीस फेऱ्यांत मेला की ह्यो! बेअरिंग कोरडं पडलंय." आम्ही घामानं निथळत चहा पितो. एकदा लग्नात पुढारी बोलायला उभे राहिले, तेव्हा आण्णा माझ्या कानाशी लागले, "ह्येला आता सोडलाय. अर्धा तास तरी थांबत न्हाय बगा." चाळीस मिनिटं लागली. आण्णांनी हवा अनुकूल होती असं कारण दिलं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, म्हणून गल्लीत त्यांचा सल्लागार मीच. वेग दुप्पट केला की गाडी चौपट लांब जाते, हे मी सांगितलं तेव्हा ते घरात पळत गेले आणि वही घेऊन आले. तीसऐवजी अठ्ठावीसच्या वेगानं सोडली तर वीस पावलं कमी, ही नोंद त्यांनी आधीच करून ठेवली होती. माझ्या सूत्रानंही तेवढंच उत्तर आलं. "आवो सर, तुमचं पुस्तक खरं बोलतंय की!" पुस्तकाला इतकं मोठं प्रशस्तिपत्र माझ्या शाळेत कुणी दिलेलं नाही.

रोज संध्याकाळी आण्णा आणि काकू गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचे. समोर धार काढलेल्या म्हशीचं फेसाळ दूध उभ्यानं प्यायचे आणि परत यायचे. येताना खांबापासून पुढं काकूंचा एक हात आण्णांच्या खांद्यावर असायचा. फाटक आलं की त्या "पोचली" म्हणायच्या, उतरायच्या आणि कडी काढायच्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. दोन महिने स्कूटर गोणपाटाखाली होती. मग एका संध्याकाळी खांबापाशी ओळखीचा आवाज आला आणि बंद झाला. आम्ही सगळे बाहेर धावलो. गाडी आली, मंदावली आणि फाटकाच्या अलीकडंच थांबली. दुसऱ्या दिवशीही तिथंच.

"सर, अकरा पावलं कमी पडाय लागल्यात," आण्णा माझ्याकडं येऊन म्हणाले. मग वही मिटत, "मागं वजन न्हाय आता. त्येचं काय असंल का?"

मी फळ्यासमोर असल्यासारखा सुरू झालो. गाडी जड असली तर तिचा रेटा जास्त, पण रस्त्याचं घर्षणही तेवढंच जास्त. "वजन समीकरणातून उडून जातं, आण्णा!"

"म्हंजे ती मागं असली काय, नसली काय, सारखंच?"

"गाडीच्या दृष्टीनं, हो."

"मग गाडीचाच दोष," आण्णा म्हणाले आणि कामाला लागले.

काय तो महिना! बेअरिंगं बदलली, टायर बदलले, ग्रीसचे डबे संपले. रोज सातला गल्ली श्वास रोखून उभी. एकदा नऊ पावलं राहिली तेव्हा मावशींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. "बत्तीसनं सोडा की," मी सुचवलं. आण्णा माझ्यावर डाफरले, "वेग वाढवून पोचलो, तर त्ये पोचणं न्हवं!"

एका रविवारी मी रंकाळ्याकाठी सायकल मारत होतो. समोरून जोराचा वारा आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वारा! तो कुणाचं वजन बघून अडवत नाही. जेवढा अडवायचा तेवढाच अडवतो, आणि हलकी गाडी लवकर दमते. मी सायकल दामटत आण्णांचं घर गाठलं.

"आण्णा, मी चुकलो! वजनाचा संबंध आहे! आज मी मागं बसतो."

आण्णांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "किती भरतंय वजन?"

"बासष्ट किलो."

"दोन किलो बटाटं घ्या मांडीवर. चौसष्ट पायजे."

सात वाजता आम्ही खांबापाशी आलो. काटा तिसावर, इंजिन बंद. पवारांची आजी मागं पडली, हातगाडी मागं पडली, गाडी मंदावली. मला वाटलं, संपलं सगळं. पण ती अजून सरकत होती. पाच पावलं, तीन, एक! गल्लीत एकच गलका उठला.

"पोचली!" मी ओरडलो, उडी मारून उतरलो आणि कडी काढली.

आण्णा गाडीवरच बसून होते. हँडल तसंच घट्ट धरलेलं.

"ठावं हुतं मला, सर," ते हळूच म्हणाले. "जलम लेथवर गेला माजा. जड चाक उशिरा थांबतंय, एवडं कळत न्हाय व्हय मला?"

"मग महिनाभर ती बेअरिंगं कशाला बदलत होता?"

"तुमी म्हनला, वजनाचा संबंध न्हाय. म्हटलं, सर म्हनत्यात तर असंल तसं. गाडीचा दोष असला, तर दुरुस्त तरी करता येतोय."

बटाट्यांची पिशवी हातात घेऊन मी तसाच फाटक धरून उभा राहिलो.

मला म्हशीचं दूध पचत नाही. तरी आता सोमवारी आणि गुरुवारी मी आण्णांबरोबर गंगावेशीला जातो, पिशवी घेऊन. बाकीच्या दिवशी अकरा पावलं कमी पडतात. तेव्हा आण्णा खाली उतरतात, गाडी ढकलत फाटकापर्यंत नेतात आणि कडी आपल्या हातानं काढतात.