निनावी खुर्च्या

“यंदा आपलं दान गुप्त,” साहेब म्हणाले. “नाव नाही, फोटो नाही, हार नाही. माणसानं कसं, चांगलं करावं आणि विसरून जावं.”

नानांचा जीव भांड्यात पडला. कंपनीचा दानधर्म दरवर्षी त्यांच्याच गळ्यात पडे. वस्तू आणायची, पाहुणे गोळा करायचे, फोटोत साहेबांच्या पुढे कोणाचं डोकं येऊ द्यायचं नाही. यंदा फक्त वाचनालयाला खुर्च्या पोचवायच्या होत्या. नाना दुकानात गेले, हात असलेल्या एका खुर्चीत बसून बघितलं, पाठ सुखावली, आणि तसल्याच खुर्च्या रवाना केल्या. मग त्यांनी रजेचा अर्ज टाकला. परगावच्या लेकीकडे जायचं होतं. नात पाऊल टाकायला लागली होती आणि बायकोनं बॅग भरून दाराशी ठेवली होती.

“अर्ज राहू द्या,” साहेब म्हणाले. “आधी खुर्च्या लोकांना आवडल्या का, ते बघून येऊ.”

वाचनालयात साहेब एका खुर्चीत ऐसपैस बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “वा! काय खुर्च्या आहेत! कोणी बरं दिल्या असतील?”

“श्श!” सगळे वाचक एकदम म्हणाले.

ग्रंथपाल बाई जवळ येऊन कुजबुजल्या, “दात्यानं नाव कळवलं नाही. पण सिमेंटवाले शेठच असणार. मी विचारलं, तर नुसते हसले.”

बाहेर येताच साहेबांचा पारा चढला. “नुसते हसले? अहो नाना, तसं हसायचा हक्क माझा होता!”

“मग सांगून टाकू या का आपलं नाव?”

“छे! मग गुप्त काय राहिलं? पाटी लावा. ‘दात्याचे नाव गुप्त आहे. मात्र ते सिमेंटवाले शेठ नव्हेत.’”

घरी बायकोनं विचारलं, “उद्या निघायचं ना?”

“पाटी लावायची आहे.”

“कसली?”

“खुर्च्या कोणी दिल्या नाहीत, त्याची.”

बायकोनं बॅगेतून त्यांचा टॉवेल काढला आणि परत दांडीवर टाकला.

पाटी लागली आणि गावात जी काही शंका उरली होती, तीही फिटली. “बघा तरी, केवढा संकोची माणूस! ‘मी नव्हे’ म्हणायला स्वतःच्या खर्चानं पाटी लावली!” रस्त्यात लोक शेठना वाकून नमस्कार करू लागले. इकडे साहेबांना अन्न गोड लागेना.

शेवटी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “बस झाला विनम्रपणा! हार आणा, फोटोवाला आणा. मीच जाहीर करतो!”

नाना पुन्हा हार, फोटोवाला आणि पाहुण्यांमागे धावू लागले. मधेच बायकोचा फोन आला. “नात आता पळायला लागली म्हणे. तुमचं चालू द्या.”

ठरल्या वेळी साहेब वाचनालयात शिरले, मागे हार घेऊन नाना. आत ही गर्दी! मधोमध घामाघूम झालेले शेठ.

“साहेब, बरं झालं आलात!” ग्रंथपाल बाई या वेळी कुजबुजल्या नाहीत. “तुम्हीच समजवा यांना. या खुर्च्यांचे हात टेबलाला अडतात. खुर्ची आत सरकतच नाही! लोक वाकून वाकून वाचतात, निम्म्यांनी कंबर धरली आहे. घेऊन जा म्हणतेय, तर हे कबूलच करत नाहीत!”

दुकानात नाना नुसते बसले होते, समोर टेबल नव्हतं. साहेब तर टेबलापाशी बसले होते. पण ते वाचायला थोडेच आले होते?

“देवाशपथ, माझ्या नाहीत हो!” शेठ रडकुंडीला आले. “त्या दिवशी उगीच हसलो, एवढीच माझी चूक!”

“आणि साहेब, हा हार कोणासाठी?” बाईंनी विचारलं.

साहेब नुसते हसले. मग त्यांनी नानांच्या हातातला हार घेतला आणि शेठच्या गळ्यात घातला. “किती हो विनम्र!” ते म्हणाले. फोटोवाल्यानं नेमका तेवढ्यात फोटो काढला.

जिन्यात साहेबांनी नानांचं कोपर धरलं. “नाना, या खुर्च्या कुठून आल्या, हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?”

“कोणालाच नाही, साहेब.”

“मग तुम्ही अजून या गावात काय करताय? आजच्या गाडीनं निघा लेकीकडे. आणि हे बघा, परत यायची अजिबात घाई करू नका.”