वाघाच्या स्टिकरवर रुमाल

आमचे पतंगे सर कुणाच्या घरी गेले की आधी बाहेरून दार वाजवत आणि आत आल्यावर तेच दार पुन्हा आतून वाजवत. मधल्या बोटाने तीन टिचक्या, मान तिरकी, डोळे बारीक. मग निकाल. "सागवान म्हनून घेतलं असंल तुमी. आंबा हाय ह्यो." चहा यायच्या आत यजमानाचं तोंड उतरलेलं असे.

धाकट्या भावासाठी मुलगी बघायला वसमतला गेलो, तेव्हा कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी त्यांना सोबत नेलं. सगळे मुलीकडे बघत होते आणि हे महाराज बसल्या दिवाणाला टिचक्या मारत होते. मुलीचे वडील कौतुकाने म्हणाले, "शिसमचा आहे." सरांनी आणखी दोन टिचक्या मारल्या. "वरची पट्टी शिसम. खाली समदी बाभूळ." सोयरीक कशीबशी जमली. पण भावाचे सासरे अजूनही कार्याचं आमंत्रण देताना हळूच विचारतात, "ते लाकूडवाले सर नाहीत ना येणार?"

सर हिंगोलीत आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक, आणि मी तिथला कारकून. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हापासून मैदान फार गप्प वाटतं. कवायतीचा ड्रम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घंटा द्यायला शिपाई होता. तरी प्रार्थनेला, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना सर गळ्यात ड्रम अडकवून मैदानाच्या कडेला उभे राहत आणि दोन मिनिटं मनापासून बडवत. ऊन असो, पाऊस असो. एका नव्या बाईंनी विचारलं, "घंटा झाली की सर, आता हे काहून?" सर म्हणाले, "घंटी येळ सांगते, बाई. ड्रमानं जिवात जीव येते."

आम्ही हसायचो. मी तर स्टाफरूममधल्या पाण्याच्या पिंपावर त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. सर वाजवून झालं की क्षणभर थांबत आणि उगाच दोन जादा ठोके देत. मीही ते देई आणि टाळ्या घेई.

मग एके दिवशी त्या जुन्या ड्रमची बॉडी उभी तडकली. नवा घ्यायचं ठरलं. मुख्याध्यापकांचा ओढा वाघछाप कंपनीकडे. फायबरची बॉडी, लालभडक रंग, वर सोनेरी वाघाचं स्टिकर. "नाव आहे कंपनीचं. पाहुण्यांसमोर शोभून दिसेल."

"कंपनी बोंबलत न्हाई सर," पतंगे सर म्हणाले. "लाकूड बोलते."

मला त्यांच्यासोबत नांदेडला पाठवण्यात आलं, ते बहुधा त्यांना आवरायला. दुकानात शिरताच सरांनी खिशातून रुमाल काढला आणि वाघावर टाकला. "नाव दिसलं की कान बिघडते." मग दुकानदाराला वाजवायला लावून स्वतः रस्त्याच्या पलीकडे, तिथून चौकात, चौकाच्याही पुढे. परत येऊन प्रत्येकाचा निकाल. "शिसम कंजूस हाय, आवाज घरातल्या घरात ठेवते. प्लाय म्हंजी नुसतं होला हो, सोताचा आवाजच न्हाई. आंबा मोकळ्या गळ्याचा, बराबर लांब जाते." अकरा ड्रम झाले. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "साहब, बजाना है के नापना है?" शेवटी कंटाळून त्याने वाघछाप आणि एक बिननावाचा, आंब्याच्या लाकडाचा, असे दोन्ही आमच्या हवाली केले. नको असेल तो परत आणा म्हणाला.

मुख्याध्यापकांनी भांडण माझ्यावर ढकललं. कारकून सांगतील तो ठेवू.

रविवारी सकाळी सरांनी मला शाळेत बोलावलं. "भाऊ, तुमी माझ्या घरी जाऊन बसा. मी इथून दोन्ही वाजवतो."

"तुमच्याच घरी काहून?"

"जा तं खरं."

घर रेल्वेच्या पटरीपलीकडे, चालत सात मिनिटं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला घरी बोलावलं नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीशी खाट आणि खाटेवर वहिनी, सरांच्या पत्नी. उजवी बाजू पूर्ण गेलेली. सहा वर्षं झाली म्हणे. आम्हाला फक्त 'तब्येत बरी नसते' एवढंच माहीत.

"या भाऊजी. चहाला उठता येत न्हाई, तेवढी तकलीफ माफ करा," त्या हसून म्हणाल्या. "वाजवाया लागले का?"

पहिला वाजला. मला पुसट टकटक ऐकू आली. वहिनींनी मान हलवली. "ह्यो न्हाई."

मग दुसरा. पटरी ओलांडून, लिंबाच्या झाडातून तो आवाज सरळ खोलीत आला. वहिनींची डावी बोटं चादरीवर ताल धरू लागली. वाजवणं थांबलं. क्षणभर शांतता. आणि दोन ठोके.

"हे दोन माझे," त्या म्हणाल्या. "गोळी घे म्हनून राहिले."

मी मूर्खासारखं विचारलं, "फोन नाही का करत?"

"करतेत की. पन फोनापर्यंत हात न्यावा लागते, भाऊजी. ड्रम आपल्या पायानं येते. महिना झाला, घर मुकं होतं. आज मानूस घरात आल्यागत वाटलं बगा."

तेच दोन ठोके मी वर्षानुवर्षं पिंपावर वाजवून दाखवले होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

परतलो तेव्हा सर फाटकातच उभे होते, घामाघूम, आंब्याचा ड्रम अजून गळ्यात.

"दुसरा," मी म्हणालो. "आंब्याचाच ठेवू. मला तर अगदी स्पष्ट..."

"तुमचं ऱ्हाऊ द्या हो," सर म्हणाले. "ती काय म्हनली?"