पासवर्ड नेहमीचाच

एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्यासाठी एक कचेरी होती. मुलांनो, तळ्याला कचेरी कशाला, असं विचारू नका. कचेऱ्यांच्या बाबतीत असं विचारत नसतात.

पण या कचेरीला खरोखरच काम होतं. उन्हाळ्यात जंगलातलं बाकी सगळं पाणी आटायचं आणि हे एकच तळं उरायचं. मग कुणी कधी पाणी प्यायचं, याच्या पाळ्या कचेरी लावायची. आज सूर्य कासराभर वर आला की चितळं, मग भेकरं, ऊन कललं की वाघ. उद्या वेगळं. पाळ्या रोज बदलायच्या, कारण वाघाला दुसऱ्यांची वेळ ठाऊक झाली तर तो आधीच येऊन झुडपात बसेल. ज्याला त्याला फक्त आपली पाळी कळायची.

कचेरीत अकरा टेबलं होती, प्रत्येकावर एक कॉम्प्युटर होता, आणि अंगणातल्या उंबराच्या ढोलीत एक जुना सर्व्हर होता. प्राण्याने टेबलापाशी यायचं, आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा. सर्व्हर ओळख पटवायचा आणि त्या दिवसाची पाळी सांगायचा. सर्व्हर ज्यांना ओळखतो त्या सगळ्या गोतावळ्याला जाणकार लोक डोमेन म्हणतात. शब्द नीट लक्षात ठेवा. परीक्षेत येणार नाही, पण जन्मभर त्रास देईल.

सर्व्हरची देखभाल भेकरे करायचे. भेकरे हे जातीनेही भेकरच होते. भेकर म्हणजे एक लहानसं, बुजरं हरीण. धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं आणि ते ऐकून सारं जंगल सावध होतं. देवाने त्याला दुसरं फारसं काही दिलेलं नाही.

चैत्र लागला तसा सर्व्हर भर दुपारी तापून बंद पडायला लागला. भेकऱ्यांनी ढोलीच्या तोंडाशी ओलं गोणपाट टांगलं. दोन दिवस बरं चाललं. मग सर्व्हर घरघरू लागला. भेकऱ्यांनी अर्ज लिहिला : 'हा सर्व्हर वैशाख काढणार नाही. नवा आणून सगळं डोमेन त्यावर हलवावं लागेल.'

कचेरीचे प्रमुख अस्वलसाहेब होते. त्यांनी अर्ज वाचला, पाठ खाजवली आणि म्हणाले, "भेकरे, तुम्ही भुंकता फार."

"साहेब, तो खरंच बंद पडेल."

"पडेल ना. मी कुठे नाही म्हणतोय? पण म्हणून लगेच बदलायचा? आधी नियोजन नको?"

अशी समिती बसली. अस्वलसाहेब अध्यक्ष, मोर चिटणीस आणि कोल्हा सल्लागार. कोल्हा शेजारच्या जंगलातून खास बोलावलेला होता. त्याने तिकडे तीन कचेऱ्यांची डोमेनं बदलली होती. त्या तिन्ही सध्या बंद आहेत, पण त्याची कारणं वेगळी आहेत, असं तो स्वतःच म्हणाला. भेकरे निमंत्रित होते. म्हणजे त्यांना चहा होता, मत नव्हतं.

पहिल्या तीन बैठका नव्या डोमेनला नाव काय द्यावं, यावर झाल्या. साहेबांना 'मधुवन' हवं होतं. मोराला 'पिसारा' हवं होतं. कोल्ह्याने दोघांचीही तोंड भरून स्तुती केली आणि शेवटी 'नवजलवैभव' ठरलं. चौथ्या बैठकीत मुहूर्त निघाला, अक्षय्य तृतीयेचा. पाचव्या बैठकीत कोल्ह्याने सतरा पानांचं नियोजन सादर केलं. सोळा पानं प्रस्तावनेची होती. सतराव्यावर लिहिलं होतं : 'सर्व टेबलांनी आधी जुन्या डोमेनमधून बाहेर पडावे. नंतर नव्यात शिरावे.'

भेकरे उठून उभे राहिले. "आणि मधल्या वेळात?"

"मधला वेळ नसतोच," कोल्हा म्हणाला. "पुढचं वाक्य लगेच सुरू होतंय, बघा ना."

"पण जुन्यातल्या पाळ्या नव्यात न्यायच्या तर जुन्याचा मुख्य पासवर्ड लागेल."

आता ही गंमत ऐका. भेकऱ्यांच्या आधी सर्व्हर एका घोरपडीकडे होता. मुख्य पासवर्ड तिने ठेवलेला. निवृत्त होताना ती कार्यभाराची चिठ्ठी देऊन गेली होती. सहा वर्षं ती उघडायची वेळ आली नव्हती. मोराने फडताळातून चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली : 'पासवर्ड नेहमीचाच.'

"झालं तर मग," साहेब म्हणाले.

"साहेब, नेहमीचा म्हणजे कुठला?"

"नेहमीचा म्हणजे नेहमीचा. सरळ मराठीत लिहिलंय."

"पण कुणाच्या नेहमीचा? घोरपडबाई नदीपलीकडच्या कड्यावर राहतात. एकदा विचारून येतो."

"निवृत्त व्यक्तीला विचारलं तर कचेरीला काही येत नाही असा अर्थ होतो," मोर म्हणाला. त्याने नियोजनात नोंद केली : 'पासवर्ड – आहे.'

भेकऱ्यांनी शेवटचं मागितलं. निदान महिनाभराच्या पाळ्या एका कागदावर उतरवून ठेवू द्या. यावर कोल्हा फार दुखावला. कागद ठेवायचा म्हणजे नव्या डोमेनवर अविश्वास दाखवायचा, असं त्याने सांगितलं. मग कागदाला मनाई झाली.

भेकरे घरी आले ते मान खाली घालूनच. त्यांचं पाडस त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी तळ्यावर जाऊ लागलं होतं. पाणी पिताना ते डोळे मिटून घ्यायचं. भेकऱ्यांना त्या मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटत होती, आणि ही भीती नियोजनाच्या कुठल्याच पानावर बसत नव्हती.

अक्षय्य तृतीया उजाडली. नव्या सर्व्हरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. अकराही टेबलं जुन्या डोमेनमधून टाळ्यांच्या गजरात बाहेर पडली. मग जुन्या सर्व्हरने मुख्य पासवर्ड विचारला.

साहेबांनी आपला नेहमीचा टाकला. चुकला. मोराने आपला टाकला, कोल्ह्याने आपला टाकला, मग साहेबांनी तोच पुन्हा सावकाश टाकला आणि मग जोरात टाकला. पडद्यावर अक्षरं आली : 'पाच चुकले. उद्या या.'

टेबलं जुन्यात नव्हती आणि नव्यातही नव्हती. पाळ्या ढोलीत कुलूपबंद झाल्या. बाहेर चितळं, डुकरं, माकडं येऊन उभी राहिली आणि आमची पाळी कधी, असं विचारू लागली. ऊन तर मी म्हणत होतं.

"सर्वांनी आपापल्या सोयीने पाणी प्यावं," साहेबांनी जाहीर केलं. हा निरोप वाघालाही पोचला. त्याला निर्णय फार आवडला.

भेकऱ्यांनी टेबल सोडलं आणि ते तळ्याकडे धावले. काठावरच्या उंच दगडावर उभे राहिले. खाली सगळी जनावरं एकत्रच पाण्याला लागली होती, त्यात त्यांची बायको होती आणि डोळे मिटलेलं पाडस होतं. पलीकडच्या बांबूत काहीतरी हललं. भेकरे भुंकले. क्षणात काठ रिकामा झाला. वाघ बाहेर आला, दगडाकडे बघत राहिला आणि नुसतं पाणी पिऊन गेला.

असं नऊ दिवस चाललं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत भेकरे दगडावर उभे. वाघ दिवसातून पाच-पाच वेळा यायचा. भेकरे पाचही वेळा भुंकायचे. एकही जीव गेला नाही. इकडे कचेरीत समिती रोज पाच पासवर्ड चुकवत होती. कोणी किती चुकवायचे, हे ज्येष्ठतेनुसार ठरलं होतं.

नवव्या दिवशी घोरपड तहानेने कडा उतरून आली. दगडावर भेकरे बघून तिला नवल वाटलं. "अहो भेकरे, तुम्ही इथे? कचेरीत कोण आहे मग?"

भेकऱ्यांचा घसा पार बसला होता. त्यांनी कसंबसं विचारलं, "बाई, तो मुख्य पासवर्ड कुठला होता हो?"

"नेहमीचाच."

"हो, पण कुठला?"

"अहो, नेहमीचाच! ने, ह, मी, चा, च, सगळी अक्षरं जोडून, मराठीत. कुणी विचारलं की मी सांगायचे, नेहमीचाच. खोटं बोलायला नको आणि कुणाला कळायलाही नको. चिठ्ठीत लिहून दिला होता की मी."

समितीचा त्या दिवसाचा पाचवा पासवर्ड चुकवायचा अजून बाकी होता. तासाभरात डोमेन हललं. नवजलवैभव सुरू झालं. सत्काराला शाल एकच होती, ती कोल्ह्याला मिळाली. मोराने अहवालात 'नियोजनबद्ध' हा शब्द अकरा वेळा लिहिला. भेकऱ्यांना मेमो मिळाला : ऐन अपग्रेडच्या काळात नऊ दिवस टेबलावर गैरहजर, शिवाय सार्वजनिक ठिकाणी आरडाओरडा.

नवा मुख्य पासवर्ड मात्र समितीने कोल्ह्याकडून अतिशय अवघड ठेवून घेतला. तो कुणालाच कळू नये म्हणून नव्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं : 'पासवर्ड बदलला आहे.' दुसऱ्याच दिवशी कोल्हा आपल्या जंगलात परत गेला. जाताना तो पासवर्ड कुणाला सांगायचा राहिला.

ज्येष्ठ निम्मा सरला तेव्हा भेकरे ढोलीपाशी गेले. आत नवा सर्व्हर घरघरत होता. त्यांनी हात लावून पाहिला. तापला होता.

समितीची बैठक चालू होती. भेकरे दारात उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. वैद्याने सांगितलं होतं की तो आता यायचा नाही. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मग मिटलं.

"काही म्हणायचंय का, भेकरे?" साहेबांनी विचारलं. थोडा वेळ वाटही बघितली.

मोराने इतिवृत्तात लिहिलं : 'नव्या डोमेनबाबत श्री. भेकरे यांची कोणतीही हरकत नाही.'

बाहेर त्यांचं पाडस आईबरोबर तळ्याकडे निघालं होतं.

तात्पर्य : मौनं सर्वार्थसाधनम्, असं तुम्हाला शाळेत शिकवतात ते अगदी खरं आहे. एकाचं मौन पक्कं झालं की बाकीच्यांचे सर्व अर्थ साधतात. तेव्हा मुलांनो, मोठेपणी कचेरीत गेलात तर गळा जपा, आणि तळ्यावर गेलात तर डोळे उघडे ठेवून पाणी प्या.