लाडवातला डिंक

हे स्थळ जमलं तर चंदरचा फायदाच फायदा होता. लेक उन्नती जवळच बदलापूरला राहणार, दिपेश तिला मनापासून आवडलेला, आणि त्याचे वडील गुरुदत्तशेठ यांनी निरोप धाडलेला, "मानपान, कपडेलत्ते काही नको. घर आणि माणसं बघू." माणसांची चंदरला काळजी नव्हती. बुवापाड्यातल्या घराच्या कळकट भिंतींची होती.

आदल्या दिवशी त्याने स्वतःच सफेदी काढली. प्लास्टिकच्या बादलीत चुनकळी टाकून पाणी ओतलं. चुनकळी रटरटली, वाफ उसळली आणि बादलीने मान टाकली.

"अहो, भिजली की तापते ती! लोखंडी पिंप काय शोभेला ठेवलंय?" बायको अंजना ओरडली. "आणि निवल्यावर डिंक घाला. नाहीतर भिंतीला धरत नाही."

"डिंक लाडवात घालतात. तू तुझे लाडू बघ."

पिंपातल्या चुन्याचा पहिला हात दिला, तरी भिंत कळकटच. चंदरने दुसरा दिला, घाबरून तिसरा. ओला चुना दिसत नाही, वाळल्यावर पांढरा होतो, हे त्याला सकाळी कळलं. भिंती झगझगत होत्या. तो ऐटीत भिंतीला टेकला.

अंजनाने त्याची पांढरी झालेली पाठ पाहिली. "आता कोणाला टेकू देऊ नका!"

पाहुणे आले. शेठ काळ्या सफारीत, दिपेश गडद निळ्या शर्टात.

"शेठ, पुढे सरका ना. तिथे वारा नाय लागत," चंदर म्हणाला.

"राहू द्या हो, कंबर धरलीय," म्हणत शेठ भिंतीला रेलले. शेजारी दिपेशही. "लाडू झकास! डिंक अगदी सढळ हाताने घातलाय."

अंजनाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जमिनीकडे.

निघताना दोघांच्या पाठी पांढऱ्याफटक. उन्नतीने तोंडाला पदर लावला. शेठ भडकले, "इथून शिवमंदिरात दर्शनाला जायचंय, असा जाऊ?"

सोयरीक हातची गेली, असं वाटून चंदर आत धावला आणि साखरपुड्यासाठी शिवलेले स्वतःचे दोन्ही शर्ट घेऊन आला. बाप-लेकांनी ते चढवले.

कोपऱ्यात बसलेली चंदरची आत्या गोदूबाई तेवढ्यात कुंकू घेऊन उठली. "मुलीच्या घरचे कपडे अंगावर घेतले ना? मग आमच्यात सोयरीक पक्की!"

शेठ काही बोलणार, तोवर दिपेशचं तिच्या पाया पडूनही झालं होतं.

एकूण हिशेब असा : मानपान नको म्हणणाऱ्यांना मान घ्यावा लागला, उन्नतीला दिपेश मिळाला, भिंतीला पाठींएवढे कळकट डाग मिळाले. आणि साखरपुड्याला चंदर जुन्याच शर्टात उभा होता, भिंतीपासून हातभर लांब.