बोटीचं कव्हर, एक वीत कमी

सासरे रविवारी संध्याकाळी परत येणार होते आणि त्याआधी त्यांच्यासाठी काहीतरी चांगलं करून ठेवावं, असं जावईबुवांच्या मनात आलं. (आजवर त्यांच्या मनात जेव्हा जेव्हा काही चांगलं करायचं आलं, तेव्हा बायकोने आधी "नक्की का?" असं विचारलं होतं. या खेपेला ती नेमकी बाहेर गेली होती.)

सासरे मोठ्या मुलीकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेले होते आणि त्यांच्या घराची किल्ली जावईबुवांकडे होती. घराच्या मागच्या अंगणात लाकडी घोड्यांवर सासऱ्यांची वल्ह्यांची बोट ठेवलेली होती आणि बोटीवर कॅनव्हासचं कव्हर होतं. कव्हरला बुरशी लागली होती. सासऱ्यांना गेली दोन वर्षं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे बुरशीचं काही अडत नव्हतं. आता मात्र ते डोळे नवे करून येणार होते. जावईबुवांनी कव्हरची चौतीस टिचबटणं उघडली, त्याचं गाठोडं केलं आणि हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत नेऊन टाकलं.

"गरम की गार?" लॉन्ड्रीवाल्याने विचारलं.

जावईबुवा पाणीपुरवठा खात्यात कारकून. आलेल्या अर्जावर 'पाहून योग्य ती कारवाई व्हावी' असं लिहायचं आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचा, यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. निर्णय घ्यायची सवय अशी नव्हतीच. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे, ते ताबडतोब म्हणाले, "गरम. चांगलं कडकडीत."

शुक्रवारी कव्हर परत आलं. बुरशी खरोखरच गेली होती. जावईबुवांनी शीळ घालत एका बाजूची बटणं लावली, दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथे त्यांची शीळ थांबली. कव्हर बोटीच्या काठापर्यंत पोचतच नव्हतं. त्यांनी ओढलं, मग पाय टेकवून ओढलं, मग देवाचं नाव घेऊन ओढलं. एक वीत कमी ते कमीच.

बायको आली तेव्हा ते बोटीजवळच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. जरा आटलंय."

"काय आटलंय?" तिने बोटीकडे पाहिलं आणि ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. ती ओरडली असती तर जावईबुवांना बरं वाटलं असतं, ओरडून घ्यायचा त्यांना चांगला सराव होता. ती रडायला लागली.

"बोट पाण्यात घालून सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "बोटीचं बाबांना काही नाही. पण रोज चहा झाला की ते इथे येऊन त्या कव्हरवरून हात फिरवतात. आईने शिवलंय ते. मशीनच्या अकरा सुया मोडल्या होत्या. पांढरा दोरा संपला म्हणून शेवटची शिवण लाल दोऱ्याची आहे. आईच्या हातचं घरात तेवढंच उरलंय, आणि तुम्ही ते उकळून आणलंत."

जावईबुवांना हे सगळं माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट त्यांना वेळेवर आठवत नसे, एवढंच. आता सासऱ्यांपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? सासरे निवृत्त ड्राफ्ट्समन. सगळा जन्म रेघा मारण्यात गेलेला. भिंतीवरचं कॅलेंडर अर्धा इंच कललेलं त्यांना चालायचं नाही, आणि इथे तर अख्खी वीत होती.

शनिवारी ऑफिसातल्या टायपिस्टने सांगितलं, की तिचा स्वेटर आटला की ती तो केसांच्या कंडिशनरमध्ये भिजवते. जावईबुवांनी येताना चार बाटल्या आणल्या. कव्हर मऊ झालं, सुगंधी झालं, आणि होतं तेवढंच राहिलं. मग त्यांनी एक टोक खांबाला बांधून दुसरं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि पुढे चालायला लागले. कव्हर काही लांब झालं नाही. कंबर मात्र धरली.

शेवटी बायको त्यांना तंबू शिवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेली. त्याने कापड चिमटीत धरलं, हुंगलं, आणि जावईबुवांकडे जरा चमकून पाहिलं.

"पाण्याने आटलंय ते पाण्यानेच सुटेल," तो म्हणाला. "पुरतं भिजवा. ओलं असतानाच बोटीवर चढवा आणि ओढून एकेक बटण लावा. मग आतून मधोमध वर रेटा द्यायचा, नाहीतर नुसते काठ ताणतील आणि मधलं कापड तसंच राहील. पूर्ण वाळेपर्यंत एकही बटण उघडायचं नाही. उघडलंत की पुन्हा आटलं म्हणून समजा."

"आतून काठी लावू?" जावईबुवांनी विचारलं.

"काठी लावाल तर भोक पडेल. कापड जुनं आहे. रुंद पाहिजे काहीतरी. रुंद आणि मऊ."

बायकोने वळून जावईबुवांकडे पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर नजरेचे अर्थ विचारावे लागत नाहीत.

"उशा घालू ना आपण," ते घाईघाईने म्हणाले.

"उशा भिजून बसतील. आणि उशांना 'जरा डावीकडे सरका' असं सांगता येत नाही," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी दहा वाजता जावईबुवा बोटीत उतरले आणि गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवे झाले. बायकोने ओलं, गार कव्हर त्यांच्यावर टाकलं. एकेक बटण लागायला लागलं. दर बटणाला ती "रेटा" म्हणायची, जावईबुवा पाठ वर करायचे आणि ती "अहो, एवढं नको" म्हणायची. चौतिसावं बटण लावताना तिने कापडाला लोंबकळून घेतलं असावं, कारण आत जावईबुवांची हनुवटी बोटीच्या फळीला टेकली. मग टिच असा आवाज झाला आणि सगळं सामसूम झालं.

"लागलं," बायको म्हणाली. "सगळी लागली. आता हलू नका."

"किती वेळ?"

"वाळेपर्यंत."

ऊन वाढलं तसं कव्हर वाळायला लागलं, आणि वाळता वाळता आवळायला लागलं. पाठीवर कोणीतरी पोतं ठेवून त्यात हळूहळू धान्य भरतंय, असं जावईबुवांना वाटत होतं. (ते पाणीपुरवठा खात्यात असल्यामुळे तहान लागली तरी पाणी मागायची त्यांना लाज वाटली.) आपण या घराच्या कुठल्याच कामाचे नाही, आणि एकदा उपयोगी पडायला गेलो तर उशीच्या जागी पडलो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. अंधारात कोणी बघत नव्हतं म्हणून ते थोडं रडलेही.

बारा वाजता फाटक वाजलं. सासरे सहा तास आधी आले होते.

"शेजारचे गाडी घेऊन निघाले होते, म्हटलं त्यांच्याबरोबर येऊन जावं," त्यांचा आवाज आला. पावलं बोटीच्या दिशेने आली. मग अगदी जवळून आलं, "हे कोणी धुतलं?"

"यांनी," बायको म्हणाली.

"कुठे आहे तो?"

"इथेच आहेत. जवळपास."

एक हात कव्हरच्या काठावरून सावकाश फिरत गेला. लाल दोऱ्याच्या शिवणीपाशी तो थांबला, मग वर आला आणि जावईबुवांच्या पाठीवर टेकला.

"हे मध्ये काय?"

"आधार दिलाय, बाबा. रुंद आणि मऊ."

सासऱ्यांनी आधार दोनदा दाबून पाहिला. आधार कण्हला.

"कधीपासून?"

"दहापासून. वाळेपर्यंत उघडायचं नाही, तंबूवाल्याने बजावलंय."

"मग उघडू नकोस," सासरे म्हणाले. "जा, चहा टाक."

बायकोची पावलं दूर गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि सासरे बोटीशेजारी बसले.

"बाबा," जावईबुवा आतून म्हणाले, "मी ते गरम पाण्यात धुतलं. आटलं. माझं चुकलं."

"कळलं ते. वासावरून वाटलं, सलूनमध्ये आलोय की काय." मग त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. "तिने शिवलं तेव्हाही ते पुरलं नव्हतं. एक वीत कमी पडलं. मी म्हणालो, तुझं बेतणं चुकलं. तिने काही न बोलता कडेने पट्टी जोडली. लाल शिवण दिसते ना, ती पट्टीची. दोरा संपला होता, पण मी इतकं बोललो होतो की आणायला सांगितला नाही तिने मला. मागून मी माझा कागद काढून पाहिला. माप मी चुकीचं दिलं होतं. मी, ड्राफ्ट्समनने. तिला सांगायचं सांगायचं म्हणून एकतीस वर्षं घालवली, आणि ती गेली. तू आज एका दमात 'माझं चुकलं' म्हणालास. मला ते जमलं नाही बघ कधी."

जावईबुवांनी आतून नाक ओढलं. मान वळत नव्हती, नाक पुसता येत नव्हतं. सासऱ्यांचा हात त्यांच्या पाठीवर होता आणि तो चहा येईपर्यंत तिथेच राहिला. चहा दोनच कप आला.

साडेपाचला बटणं उघडली. जावईबुवांना दोघांनी मिळून सरळ केलं. कव्हर पुन्हा लावून पाहिलं तर काठाला काठ बरोबर भिडला, चौतीसच्या चौतीस बटणं एका हाताने लागली. फक्त मधोमध कापडाला एक मोठा गोल फुगवटा कायमचा बसला होता. जावईबुवा इस्त्री आणायला धावले (म्हणजे लंगडत निघाले). सासऱ्यांनी त्यांना थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "पाणी साचणार नाही त्याने."

तेव्हापासून चहा झाला की सासरे लाल शिवणीवरून हात फिरवतात आणि जाता जाता फुगवट्यावर एक थाप मारतात. अंगणात कोणी नवीन माणूस आला की हटकून विचारतो, कव्हर इतकं सुबक बसलंय, मग मध्येच हे काय वेडंवाकडं.

"ते होय?" सासरे म्हणतात. "ते आमचे जावई."